एका खोलीतले चार पिवळे

सासऱ्यांना परत जायचं होतं. आमच्याकडे राहायला आल्याला फार दिवस झाले नव्हते, तोच त्यांनी बॅग भरली.

"माझं घर मला पाठ आहे," ते म्हणाले. "इथे साधं बाथरूमला जायचं तरी कुणाला तरी हाक मारावी लागते."

नजर अधू झाली होती त्यांची. आमची ती खोली पांढरीफटक. भिंत कुठे संपते आणि दार कुठे सुरू होतं, ते त्यांना उमगेना. हाक मारायला नको म्हणून ते पाणीच कमी पितात, हे लक्षात आलं तेव्हा माझा जीव तुटला. मी शिफ्टमध्ये काम करायचे त्या काळात सकाळी आमच्या घरी येऊन माझ्या लेकीच्या वेण्या याच माणसानं घातल्यात. वाकड्या घातल्या, पण रोज घातल्या. त्यांना एकटं कसं पाठवू?

"पिवळा तेवढा अजून दिसतो मला," असं ते एकदा सहज बोलून गेले होते. तेवढंच धरून मी पिवळा रंग आणला. दुकानातल्या कार्डावर तो कसा छान, उबदार दिसत होता. "खोली होऊ द्या, बाबा, मग ठरवा," मी म्हणाले.

"रंगारी कशाला? मी आहे की," नवरा म्हणाला. त्याचं हे वाक्य ऐकलं की मी आधी जुन्या चादरी शोधते.

त्यानं आधी दाराची भिंत रंगवली. आम्ही दोघं बघतच राहिलो. कार्डावरचा तो सोज्वळ पिवळा भिंतभर पसरल्यावर हळदीची बरणी फुटावी तसा अंगावर आला.

"थोडा पांढरा मिसळू," म्हणत त्यानं छताचा उरलेला रंग डब्यात ओतला. खिडकीची भिंत जरा निवली. मग आणखी थोडा ओतला. पलंगामागची भिंत आणखी फिकी झाली, आणि कपाटाकडची तर थेट सायीच्या रंगाची. एका खोलीत चार पिवळे, आणि मूळ रंगाचा थेंब शिल्लक नाही.

"अति शहाणा त्याचा बैल रिकामा," मी म्हणाले. तो ब्रश धुवायला निघून गेला.

रंग वाळला, बाबा खोलीत परतले. दुसऱ्या दिवशी मी रंगाऱ्याला फोन लावून नवऱ्याचे प्रताप सांगत होते, तेवढ्यात बाबा माझ्या समोरून गेले. हाक नाही, भिंतीवर हात नाही. सरळ बाथरूममध्ये गेले आणि परतही आले. मी फोन ठेवून दिला.

"बाबा, एकटे कसे गेलात?"

"गडद दिसतं तिकडे दार, दाराला लागूनच बाथरूम. त्याहून फिकं तिकडे खिडकी. काय अवघड आहे?" ते हसले. "आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. इथे तर चार दिलेत. मुद्दाम केलंत ना?"

"म्हणजे काय, मुद्दामच," नवरा म्हणाला. निर्लज्ज कुठला. पण त्या क्षणी त्याच्या त्या आगाऊपणाचे मी मनातल्या मनात शंभर वेळा आभार मानले.

बॅगेचं काय, हे विचारायचा मला धीर होईना. बाबा पलंगावर टेकले, भिंतींकडे एकेक करून बघितलं आणि म्हणाले, "सूनबाई, उशाशी पाण्याची बाटली ठेवशील? मोठी ठेव."

मी काठोकाठ भरून ठेवली.