लाल चिंधीची फळी

थोरली हात आधी उचलायची आणि विचार मागाहून करायची, तोही केलाच तर. धाकटीने लहानपणापासून त्या हाताचा मार खाल्ला होता. आता दोघींचे केस पिकले, दोघींनी मिळून घरच्या साबणाचा धंदा काढला, तरी खोड काही गेली नाही. जित्याची खोड ती.

तेलात कॉस्टिक सोड्याचं जहाल पाणी घोटून साच्यात ओतायचं, घट्ट झालं की वड्या कापायच्या आणि मागच्या खोलीत फळ्यांवर महिनाभर मुरत ठेवायच्या, हे काम धाकटीचं. वड्यांमध्ये बोटभर जागा सोडायची, वारा येऊ द्यायचा, ऊन नाही. विकणं आणि ओरडणं थोरलीकडे.

गेल्या महिन्यात धाकटी कॉस्टिक मोजून पाण्यात सोडत होती, तेवढ्यात सांडलेल्या तेलावरून थोरलीने तिच्या कानाखाली जाळ काढला. गालावर पाची बोटं उमटली. डोळ्यांपुढचे काजवे विझल्यावर तिने काम पुढे चालू केलं, पण एकदा टाकलेलं कॉस्टिक पुन्हा टाकलं की काय, हे तिला काही केल्या आठवेना. वड्या कापल्या तेव्हा आत कॉस्टिकचे पांढरे खडे दिसले. खरं सांगावं तर आणखी एक बसणार, गुपचूप फेकाव्यात तर थोरलीची नजर घारीची. मग तिने फळीला लाल चिंधी बांधली आणि "ही अजून मुरायचीय" एवढंच म्हणाली. भित्रेपणाच तो, दुसरं काय!

आज सकाळी ती खोलीत आली तर चिंधी जमिनीवर पडलेली आणि थोरली त्या फळीवरच्या वड्या खोक्यात भरतेय. पुढची एक जागा आधीच रिकामी होती.

"ताई, ही फळी न्यायची नाही. आणि इथली वडी कुठंय?"

"वर दिली लेकीला. बाळाला न्हाऊ घालतेय ती. घरचा साबण असताना बाहेरचा कशाला?"

धाकटी दाराकडे धावली. भाची वरच्याच मजल्यावर राहायची. बाळ अजून मानही धरत नव्हतं.

"त्यात कॉस्टिक दुप्पट पडलंय, ताई! बाळाची कातडी सोलून निघेल. बाजूला हो!"

"काहीतरीच. महिना मुरलाय की, निवला असेल." थोरली दार अडवून उभी राहिली. "त्या बाळंतिणीला जाऊन घाबरवलंस तर थोबाड फोडीन."

"जास्तीचं कॉस्टिक वर्षभर ठेवलं तरी निवत नाही!"

थप्पड बसलीच. पण या वेळी धाकटी गाल धरून बसली नाही. तिने डोकं खाली घातलं आणि बहिणीच्या पोटात धडक दिली. दोघी फळ्यांवर आदळल्या, फळी निसटली, वड्या फुटून चहूकडे उडाल्या. थोरलीने तिचे केस मुठीत धरून डोकं भिंतीवर आपटलं. धाकटीने तिच्या मनगटाला असा चावा घेतला की तोंडात रक्त आलं. तरी थोरली हटेना. तिने धाकटीला खाली पाडलं आणि छातीवर गुडघा रोवला. वर बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला. धाकटीच्या हाताला फुटक्या वडीचा तुकडा लागला, पांढरा खडा असलेला. तिने तो बहिणीच्या तोंडात कोंबला आणि दोन्ही हातांनी जबडा दाबून धरला.

"चाख! चाख म्हणते ना! मग घाल बाळाला!"

थोरलीचे डोळे पांढरे झाले. ती किंचाळली, थुंकली, आणि उठून जिन्याकडे धावत सुटली. आता तिला काही समजावून सांगायची गरज उरली नव्हती.

जिन्यात तिने लेकीला हाक मारायला तोंड उघडलं, पण जीभ वळेना. "सा... सा..." एवढंच लाळेबरोबर बाहेर आलं. जन्मभर जिच्या आवाजाने घर हादरलं, तिला एक शब्द फुटेना. मागून धाकटी ओरडली, या घरात पहिल्यांदाच, बेंबीच्या देठापासून.

"साबण लावू नकोस! फेक ती वडी!"

भाची दारात आली. खांद्यावर बाळ, कोरडंच, टॉवेलात गुंडाळलेलं. दुसरा हात तिने लांब धरला होता.

"मावशी, आधी माझ्याच हातावर फेस केला, तर हात पेटलाच! काय घातलंय यात?"

"कॉस्टिक जास्त पडलंय माझ्या हातून. चोळू नकोस. नुसतं पाणी वाहू दे." धाकटीने तिचा हात नळाखाली धरला. मग बहिणीला म्हणाली, "तूही चुळा भर. थांबू नकोस."

चुळा भरता भरता थोरलीची नजर लेकीच्या हातावर गेली. पाची बोटं लालभडक सुजली होती. तिने वर पाहिलं. धाकटीच्या गालावरही पाच बोटं तशीच उठलेली होती, आत्ताची, ताजी. थोरलीला रडू कोसळलं. लेकीचा हात धरावा म्हणून तिने आपला हात पुढे केला.

लेक दचकली. तिने मान खाली घातली, डोळे मिटले आणि बाळाला आपल्या अंगाआड घेतलं.