पाचव्या दिवशीचं पाणी

"खाली काय हाय?"

आईचा एक पाय एसटीच्या शेवटच्या पायरीवर, दुसरा हवेत. मी खाली उभा, तिचा हात धरून.

"काय न्हाय गं, जमीन हाय. टाक पाय."

"लई खाली हाय की."

"ओ मावशी, उतरा की," मागनं एक जण ओरडला. "आमाला पण उतरायचंय."

"उतरते की बाबा. सोलापूर कुटं पळून चाललंय व्हय?"

मागची माणसं हसली. मला हसू आलं नाही. माझ्या तळहाताला घाम सुटला होता. त्यातनं तिचा हात निसटतो की काय असं वाटत होतं.

खरं सांगतो, त्या दिवशी आईपेक्षा मी जास्त घाबरलेलो. तिला काही दिसत नव्हतं. मला सगळं दिसत होतं. रिक्षा, खड्डा, उघडं गटार, फूटपाथवर वर आलेली सळई. जिकडं बघेन तिकडं मला आई पडलेली दिसायची.

तिला काचबिंदू. उजेड आणि अंधार, तेवढंच कळतं. पण गावात आई आंधळी नव्हती. आमचं गाव भीमेच्या काठाला, मंद्रूपच्या पुढं. तिथं ती एकटी नदीवर जायची, एकटी दळण आणायची. समोरून कोण आलं ते चपलेवरून ओळखायची आणि आधी तीच हाक मारायची. सोलापूरच्या स्टँडवर उतरली आणि पाच मिनिटांत आंधळी झाली. माझा शर्ट मागून मुठीत धरला तिनं. तसं तिनं कधी धरलं नव्हतं.

मला टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला जागा मिळत होती. तिथला मुकादम शरणप्पा म्हणाला होता, सोमवारी हजर हो, नाहीतर दुसरा बघतो. आज शनिवार. आईला गावात सोडून यायचं नाही हे माझं पक्कं होतं. मागच्या महिन्यात चुलीपाशी तिच्या पदरानं पेट घेतला. शेजारच्या मथुराबाईंनी बघितलं म्हणून वाचली. बाप नाही, भाऊ नाही. मग काय, तिला बरोबर घेऊन खोली बघायला आलो. एका दिवसात बघायचं. लॉज परवडत नाही, म्हणून संध्याकाळच्या गाडीनं परत. भाकरी, शेंगाचटणी आणि कांदा फडक्यात बांधून घेतलेला.

"किदर जाना मामू?" रिक्षावाला आडवा आला.

"चालत जातो."

"अम्मा को चलाते क्या इत्ती धूप में?"

"अम्माला चालायची सवय हाय," आईच म्हणाली.

चाललो. ती मधेच थांबायची. "हे काय वाजतंय?" टायरवाला. "हा कसला वास येतोय?" बिस्कीट भाजतायत. तिला बरं वाटायला लागलं होतं. "ह्या वासापासनं उजवीकडं वळलो आपण," म्हणाली. तिचं मनातल्या मनात गाव मांडणं चाललेलं. मी मात्र एकच हिशोब करत होतो. आठ तासांची पाळी. आठ तास ही खोलीत एकटी. बाहेर पडली तर? नाही पडली तर? दार आतून लावून घेतलं आणि उघडताच आलं नाही तर?

एका कॉलनीत पाटी दिसली, खोली भाड्याने देणे आहे. बनियनवरचा एक माणूस बाहेर आला. खोली चांगली होती. एकच पायरी. आईनं भिंतीवर हात फिरवला आणि "गार हाय" म्हणाली. त्या माणसानं विचारलं, गाव कुठलं, काम काय, जेवणाखाणाचं कसं. सगळ्याला मान डोलावली. मग म्हणाला, "नाव काय म्हणालात?"

"यशपाल."

"पूर्ण."

"यशपाल धोंडिराम बनसोडे."

"हां," म्हणाला. मग खिशातनं फोन काढून बघितला. "अरे, फोनवर घरच्यांचा मेसेज आलाय. सकाळीच कुणाला तरी शब्द दिलाय की. मला आता कळतंय."

बाहेर आल्यावर थोडं चालून आई म्हणाली, "फोन वाजला न्हवता न्हवं?"

"न्हाय."

"मग बरं. मला वाटलं डोळ्यांबरोबर कान बी गेले."

एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून भाकरी खाल्ली. शरणप्पाला फोन लावला.

"अरे, मग दाक्षायणीअक्काकडं जा की," तो म्हणाला. "अशोक चौकाच्या मागं, यंत्रमागाच्या कारखान्याला लागून. माजं नाव सांग. तोंडानं फटकळ हाय बाई, पण भाडेकरूला कधी हाकललं न्हाय तिनं."

"तुमी त्यांना माझं पूर्ण नाव सांगितलंय का?"

"नाव कशाला? तू जा तर."

म्हणजे पुन्हा तोच प्रश्न यायचा होता. तो कधी येतोय याची वाट बघत मी त्या गल्लीत शिरलो. मागांचा खटखटाट पायातनं वर येत होता. आईनं माझा शर्ट सोडला. का ते मला कळलं नाही. कदाचित पहिल्यांदाच तिला पायाखाली ओळखायला काहीतरी मिळालं असेल.

दाक्षायणीअक्का दारातच चटणी कुटत होत्या. कपाळाला भस्माची इबित्ती, गळ्यात लिंगाची डबी.

"शरणप्पानं पाठवलं नव्हं? ये ये. तुमी बसा मावशी कट्ट्यावर. ए बाळा, चप्पल तितंच काड."

आईला दिसत नाही हे मी सांगितलं नाही. एका वेळी एकच भीती, असं ठरवलं होतं.

खोली अंगणाच्या मागच्या अंगाला. पत्रा होता, पण उंच. एक मोरी, एक खिडकी. कोपऱ्यात जुन्या भाडेकरूनं टाकून दिलेलं निळं बॅरल. मी खिडकी उघडून बघत होतो, बाहेर गटार किती लांब आहे ते. अक्का वीजबिलाचं सांगत होत्या. तेवढ्यात पुढच्या अंगणातून पाणी ओतल्याचा आवाज आला. मग भांडं घासल्याचा. मग परत ओतल्याचा.

अक्का बोलता बोलता थांबल्या. पळाल्या.

"अय्यय्यो! काय करालीस गं! पाण्याला का हात लावलास माझ्या!"

मी मागोमाग पळालो.

आई अंगणात उभी. हातात रिकामी घागर, राखेनं घासून लख्ख केलेली. दुसरी पालथी घातलेली. लुगड्याचा सोगा भिजलेला. तोंड भिंतीकडं केलेलं, कारण आवाज भिंतीवर आपटून येत होता. शेजारच्या दारात दोन बाया येऊन उभ्या राहिल्या.

आता एक सांगायला पाहिजे. आई आमच्या गावात अंगणवाडीची मदतनीस होती. डोळे गेले तेव्हा काम सुटलं. रोज सकाळी तिचं पहिलं काम, पिपातलं शिळं पाणी ओतून द्यायचं, पीप घासायचं, नदीचं ताजं पाणी भरायचं. सगळं आयुष्य तिनं हे केलं. घरीही तेच, पाहुणी गेली तरी तेच. हात रिकामे राहिले की पहिल्यांदा पाण्याच्या भांड्याकडं जातात तिचे.

पण ती कामाला लागली त्या वर्षी तिच्या हातचं पाणी एकही पोर प्यालं नव्हतं. घरनं सांगून पाठवायचे. पोरं बाटलीत पाणी आणायची. पीप सकाळी भरलेलं तसंच संध्याकाळी. आई ते रोज ओतून द्यायची आणि रोज परत भरायची. वर्षभर. "कोण पीत न्हाय तर भरतीस कशाला?" असं बाबा म्हणायचे. ती म्हणायची, "पगार पाणी भरायचा मिळतोय, कुणी प्यायचा न्हाय." दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात एक पोरगी येऊन प्याली. मग सगळी.

हे मी लहानपणापासून ऐकलेलं. अंगणात उभा असताना तेच डोक्यात घुमत होतं. पाण्याला का हात लावलास. एवढा मोठा मी, बारावी झालेला, फोनवर बघून इंग्रजी शिकलेला. हात धरून आईला बाहेर काढावं एवढंच सुचत होतं आणि तेही होत नव्हतं.

आईनं घागर खाली ठेवली. सावकाश, चाचपून. मग भिंतीलाच म्हणाली,

"मी लावला हात. मी मीनाबाई बनसोडे. आमी बौद्ध हाय. तुमी विचारलं न्हाय, मीच सांगते. जायला सांगायचं असंल तर सरळ सांगा, फोन काडू नका."

अक्कांनी पालथी घागर उचलून आत बघितलं.

"ते कोण विचारलं गं तुला?" अक्का म्हणाल्या. आवाज तसाच चढलेला. "पाच दिवसाला एकदा येतंय पाणी हितं! पाच दिवसाला! आता परवा येणार. दोन घागरी ओतलीस की गटारात! परवापर्यंत मी काय पिऊ, तुजं डोस्कं?"

आईनं भिंतीकडचं तोंड अक्कांकडं वळवलं.

"पाच दिवसांनी?"

"मग?"

"आन् तेच पिता? पाच दिवसांचं?"

"न्हाय, रोज गंगा येती माझ्या दारात!"

"तप्पायतु अव्वा," आई म्हणाली. चुकलं म्हणून. आमच्या भागात एवढं कानडी सगळ्यांना येतं. "मला वाटलं शिळं हाय. वास बघितला. वास आमच्या नदीचाच होता, म्हणून हात आणिकच सैल सुटला."

दारातल्या दोन बाया हसल्या. अक्का हसल्या नाहीत. त्या आईच्या तोंडाकडं बघत होत्या. मग त्यांनी आईच्या डोळ्यांपुढून हात फिरवला. डावीकडून उजवीकडं.

"दिसत न्हाय व्हय तुमाला?"

एकेरीवरून परत अहोजाहोवर आल्या त्या. मला वाटलं, संपलं. नावानं गेलं नव्हतं ते आता डोळ्यांनी जाणार.

"उजेड कळतोय," आई म्हणाली.

अक्का कट्ट्यावर बसल्या. पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "खोली देते. माझी काय ना न्हाय. पण मावशी, पाण्याला हात लावायचा न्हाय तुमी. तहान लागली की हाक मारा. मी येऊन ओतते. चालंल नव्हं?"

त्यांच्या मनात काही नव्हतं. आजही मला तसंच वाटतं. दिसत नाही, सांडेल, म्हणून म्हणाल्या. मी तर लगेच "चालंल की" म्हणणार होतो. खोली मिळत होती. सोमवार वाचत होता.

"न्हाय चालायचं," आई म्हणाली.

"आई..."

"तू गप. अक्का, तुमी चांगल्या मनानं म्हणताव. पण हाक मारायची, उभं राहायचं, वरनं ओतून घ्यायचं, हे माझ्या आईनं जलमभर केलं. मी केलं न्हाय, आता म्हातारपणी करत न्हाय. मला माझं वेगळं भांडं द्या. परवा नळ आला की मी भरते. सांडलं तर माझं सांडलं. तहानली तर मी तहानली."

शेजारणींतली एक काहीतरी तेलुगूत पुटपुटली आणि आत गेली.

"मागच्या खोलीत बॅरल पडलंय," शेवटी अक्का म्हणाल्या. "झाकण न्हाय त्याला."

"फडकं बांधते."

"नळ पहाटं येतोय. कधी येतोय, कधी न्हाय. जागं राहावं लागतंय."

"माझं काय, मला सारखीच पहाट."

आता अक्का हसल्या. हसायचं नव्हतं तरी हसल्या.

मी बॅरल बाहेर आणून घासलं. आईनं ते वरून खालपर्यंत चाचपलं. काठ, पोट, बूड. आत वाकून "ओ" केलं आणि आवाज किती खोलवर जातोय ते ऐकलं. मग मला म्हणाली, "तू जा आता. उद्या भांडी-कपडे घिऊन ये. मी राहते हितंच."

"आज? एकटी? अगं, अंथरूण न्हाय, काय न्हाय."

"राहिल्याशिवाय कळतंय व्हय गाव? लुगडं हाय अंथरायला."

"रात्री काय झालं तर?"

"यशा, तू सकाळपासनं काय झालं तर, काय झालं तर करतोयस. झालं ते बघितलंस न्हवं?"

बघितलं होतं. म्हणूनच घाबरलो होतो. पण ते तिला सांगितलं नाही.

ऊन उतरलं. मी पिशवी घेऊन निघालो तेव्हा आई खोलीच्या उंबऱ्यात बसलेली. अक्का आतनं तांब्या घेऊन आल्या.

"आतल्या कळशीत थोडं उरलंय. परवापर्यंत माझंच प्यावं लागंल. घ्या."

आईचे दोन्ही हात वर आले. आणि मी बघितलं, ते जवळ आले, बोटं मिटली, तळवे वाकले. ओंजळ झाली. तिला स्वतःला कळलंच नसावं. मीसुद्धा आजीची ती ओंजळ कधी बघितली नव्हती, नुसती ऐकली होती. अक्कांचा तांब्या तसाच थांबला, वर, थोडा वाकलेला.

मग आईचे हात सुटे झाले. हवेत पुढं आले, चाचपत, आणि तांब्याच्या गळ्याशी जाऊन थांबले. तिनं तो अक्कांच्या हातातनं काढून घेतला. तोंडाला लावला. पूर्ण प्याली, घटघट, काठाला ओठ टेकवून. पदरानं तोंड पुसलं आणि तांब्या पुढं केला.

अक्कांनी तो घेतला. आत गेल्या. पडदा खाली पडला.

मी पिशवी खांद्याला लावून तिथंच उभा. ऐकत. आत तांब्या नुसता ठेवल्याचा आवाज येतो, की घासल्याचा.

"कान लावून उभा राहू नको," आई म्हणाली. "जा. गाडी चुकंल."