ताई वजा टोपली

त्या आठवड्यात आमच्या घरात सगळे चोरून जेवत होते. चोरी कशाची, तर आपल्याच स्वयंपाकघरातल्या जेवणाची! ताईची पहिली फाइट रविवारी होती आणि तिला बावन्न किलोच्या गटात बसायचं होतं, म्हणून तिच्यासमोर कोणी तोंड हलवायचं नाही, असा आईचा हुकूम होता. बाबा मोठं वॉशिंग मशीन सुरू करून त्याच्यामागे उभं राहून टोस्ट खायचे. मशीनच्या घरघरीत कुरुमकुरुम ऐकू जात नाही म्हणून. पुढून ताई ओरडायची, "बाबा, मशीन रिकामंच फिरतंय!" आणि बाबा तोंडात घास धरून गप्प.

आमची लाँड्री आहे. खाली दुकान, वर आम्ही. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे अ‍ॅप्रन, सगळं किलोवर धुतलं जातं. दारातच बाबांचा तबकडीवाला जुना काटा आहे. माणूस आरामात उभा राहील एवढा मोठा.

ताई मिक्स्ड मार्शल आर्ट्स खेळते. म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती, सगळं एकाच जाळीच्या रिंगणात. ज्याच्या-त्याच्या वजनाचा गट ठरलेला असतो. ताई मुळात आमच्या काट्यावर सत्तावन्नच्या आसपासची, आणि सत्तावन्नचा गटसुद्धा आहे. पण सर, म्हणजे तिचे कोच, म्हणाले होते, "खालच्या गटात उतर. तिथे तूच सगळ्यांत उंच. पोरी तुझ्यापर्यंत पोचणारच नाहीत."

शिवाय वरच्या गटात बुलडोझर होती. तिचं खरं नाव कोणी घेतच नाही. दोन फाइट, दोन्ही पहिल्या मिनिटात खल्लास.

तर ताई वजन उतरवत होती. आधी कित्येक दिवस मोजून-मापून खाणं, आणि शेवटी शरीरातलं पाणी काढायचं. प्यायचं कमी, घाम गाळायचा, स्पर्धेआधीचं वजन झालं की पुन्हा पिऊन भरून घ्यायचं. जिममधला काटा एका पैलवानाने त्यावर उडी मारून मोडलेला, त्यामुळे ताई रोज सकाळी आमच्याच काट्यावर उभी राहायची आणि आकडा सरांना फोनवर कळवायची. शनिवारी सकाळी तो आकडा होता साडेत्रेपन्न.

"दीडच किलो राहिलं, बारके!" ती मला म्हणाली. (बारकी म्हणजे मी.) ओठ सुकून पांढरे पडले होते, पण हसत होती.

दुकानाला सुट्टी होती. दुपारी आम्ही इस्त्रीची खोली बंद केली, वाफेच्या दोन्ही इस्त्र्या चालू करून ठेवल्या आणि ताई प्लास्टिकचा सूट आणि वर दोन स्वेटर घालून स्टुलावर बसली. माझं काम तिचा घाम पुसायचा आणि तिला हसवायचं. मी शाळेतल्या सगळ्या शिक्षकांच्या नकला केल्या. मुख्याध्यापिकाबाई तर अशा जमल्या की ताई स्टुलावरून पडायची बाकी होती.

थोड्या वेळाने मी टॉवेल आणायला बाहेर आले. बाबा सुट्टीच्या दिवशीही चादरींचा एक गठ्ठा मोजत होते. त्यांनी काट्यावर रिकामी लोखंडी टोपली ठेवली. काटा सरकत येऊन बरोब्बर शून्यावर थांबला.

हे मी जन्मापासून बघतेय. टोपली उचलली की काटा शून्याच्याही मागे जाऊन खिळ्याला टेकतो, हेही बघतेय. पण त्या दिवशी मी टॉवेल विसरून तिथेच थांबले.

"बाबा, टोपली ठेवल्यावर शून्य कसं?"

"मग काय, टोपली पण धुऊन दिली म्हणून गिऱ्हाइकाला सांगू?" बाबा म्हणाले. "तिचं वजन आधीच वजा करून ठेवलंय. आजोबांपासूनची पद्धत आहे आपली."

"आणि ताई उभी राहते तेव्हा टोपली कुठे असते?"

बाबांच्या हातातली चादर तशीच राहिली. त्यांनी काट्याकडे बघितलं, टोपलीकडे बघितलं, आणि हळूच खाली बसले.

"पावणेतीन किलोची आहे गं ती," ते म्हणाले.

म्हणजे ताई सव्वाछप्पन्न होती! इतके दिवस आमची ताई रोज टोपली वजा करून उभी राहत होती आणि एवढ्या सगळ्या माणसांत एकाच्याही डोक्यात ते आलं नाही.

मी खोलीत जाऊन तिला सांगितलं. वाटलं, रडेल. ती फक्त म्हणाली, "वाफ वाढव."

"अगं, सव्वाचार किलो! उद्या सकाळपर्यंत?"

"वाढव म्हणते ना!"

मी तिचं कपाळ पुसायला टॉवेल लावला, तर कपाळ कोरडं. तापलेलं आणि कोरडं. इतक्या गरम खोलीत तिला घामच येत नव्हता. मी दोन्ही इस्त्र्यांची बटणं बंद केली, दार सताड उघडलं आणि सरांना फोन लावला. "सर, ताईला घामच येत नाहीये, आत्ताच्या आत्ता या," एवढंच बोलले. आईने ओल्या चादरीचा बोळा ताईच्या मानेवर ठेवला आणि पाण्याचा पेला पुढे केला. ताईने तोंड फिरवलं.

सर धावतच आले. टोपलीची गोष्ट ऐकून डोक्याला हात लावून म्हणाले, "मी एकदा तरी दुसऱ्या काट्यावर बघायला हवं होतं." मग स्टुलाजवळ उकिडवे बसले. "पाणी पी. वरच्या गटात खेळ, किंवा यावेळी खेळूच नकोस. पण अजून उतरवायचं नाही."

"वर कोण आहे माहितीये ना, सर?"

"माहितीये. घाम थांबलाय ऐकलं तेव्हाच येतायेता आयोजकांना फोन केला. तिच्यासमोरची मुलगी आजारी पडलीये. जागा रिकामी आहे."

ताईने माझ्याकडे बघितलं. लहानपणापासून मला खांद्यावर घेऊन जिने चढणारी माझी ताई, आणि तिचे डोळे अगदी पहिलीतल्या मुलीसारखे झाले होते.

"बारके, मला भीती वाटते तिची."

मला काय सुचलं देव जाणे, मी म्हटलं, "मग भी की! कोण नको म्हणतंय? पण उपाशी कशाला भितेस? पोटभर खाऊन भी!"

आधी आई हसली. मग सर. "बारकीच्या बोलण्यात वजन आहे," सर म्हणाले, "आणि तेही टोपली न धरता." बाबा हसता हसता डोळे पुसायला लागले, आणि ताईने पेला घेतला. दोन घोट, थांबली. पुन्हा दोन घोट. आई तिची पाठ चोळत राहिली. तासाभराने तिच्या कपाळावर घामाचे बारीक थेंब आले, तेव्हा मी आनंदाने एवढी किंचाळले की वरच्या मजल्यावरच्या काकू विचारायला आल्या.

सकाळी वजनं घेणार होते त्या हॉलमध्ये भयाण शांतता. ताई काट्यावर उभी राहिली, पोटात नाश्ता, वर भरपूर पाणी. तरी सत्तावन्नच्या आतच! ती तशीच बाजूला झाली आणि बुलडोझर पुढे आली.

मी तिला जवळून पहिल्यांदाच बघत होते. गाल आत गेलेले, डोळ्यांखाली काळं, ओठांना भेगा. कपडे उतरवता यावेत म्हणून तिच्या कोचने भोवती टॉवेल धरला, तेव्हा कुठे ती सत्तावन्नच्या आत जेमतेम आली. काट्यावरून उतरली आणि भिंतीला धरून खालीच बसली. कोणीतरी तिच्या हातात बाटली दिली, पण बोटं इतकी थरथरत होती की झाकण निघेना.

ताईने जाऊन ते उघडून दिलं.

"घोट घोट पी," ती तिच्या शेजारी मांडी घालत म्हणाली. "एकदम प्यायलीस तर सगळं उलटून पडेल."

बुलडोझर प्यायली. मग तिने वर बघितलं. "संध्याकाळी माझ्यासमोर तूच ना?"

"मीच."

"मग पाणी का पाजतेस?"

"मग काय, तहानलेलीला मारू?"

बुलडोझर हसली. तिला हसताही येतं! पण हसताना तिचा सुकलेला ओठ चिरला आणि रक्त आलं. ताईने आपल्या बाहीने ते अलगद टिपलं, आणि सगळा हॉल आमच्याकडेच बघतोय हे लक्षात आल्यावर मोठ्याने म्हणाली, "नीट बघून ठेवा हं सगळ्यांनी. मी अजून हातसुद्धा उगारलेला नाही!"