धुळाचा पाय आणि वस्तीची विहीर

कुंभारी गावाच्या पलीकडे तीसेक उंबऱ्यांची एक वस्ती होती. तिला विहीर एकच, पायऱ्यांची. लोक घागर घेऊन गुडघाभर पाण्यात उतरायचे, पाय खळबळायचे, चूळ भरायचे आणि तेच पाणी घरी न्यायचे. दर उन्हाळ्यात निम्म्या वस्तीला नारू व्हायचा. पायाला फोड यायचा, फुटायचा आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत डोकं काढायचा. ओढला तर तुटायचा आणि पाय भोपळ्यासारखा सुजायचा. म्हणून त्याला काडीला गुंडाळून रोज बोटभर बाहेर काढायचं.

१९७५ सालच्या उन्हाळ्यात मेंढरं राखणाऱ्या धुळाच्या घोट्याला नारू निघाला. धुळा सहा फुटी गडी, मिशा कानापर्यंत. पण पायाची आग होऊ लागली की तो ओरडत विहिरीवर जायचा आणि गार पाण्यात पाय सोडून तासभर बसायचा.

अशात आरोग्य खात्याचा सोमलिंग सायकलवरून वस्तीवर आला. त्यानं विहिरीचं पाणी काचेच्या बाटलीत घेतलं आणि सगळ्यांना भिंगातून दाखवलं. पाण्यात पांढरे ठिपके टुणटुण उड्या मारत होते.

"नारूचा पाय पाण्यात बुडला की नारू तितं पिल्लं सोडतो," सोमलिंग म्हणाला. "ती पिल्लं ह्या किड्यांच्या पोटात जात्यात. किडे पाण्यासंगं तुमच्या पोटात. आन् वरसानं नारू पायातनं भाईर."

धुळानं भिंगाला डोळा लावला. "सायेब, ह्यो किडा तिळाएवढाबी न्हाय. माजा नारू हातभर लांब. बसला कसा ह्याच्यात?"

सगळे हसले. धुळाची बायको केराबाई मात्र हसली नाही. "म्हंजी आमच्या मालकांचं पाय धुतल्यालं पानी सगळी वस्ती पितीया?"

"नुसतं पाय धुतल्यालं न्हाय, बाई. पिल्लं घातल्यालं."

केराबाईनं तोंडाला पदर लावला आणि ती तिथून उठली ती थेट विहिरीवर गेली. दुसऱ्या दिवसापासून दिवसभर ती वरच्या पायरीवर काठी घेऊन बसू लागली. येणाऱ्याचा पाय आधी बघायची, मग खाली सोडायची. नारू असलेल्याला दुसऱ्यानं पाणी भरून द्यायचं. आणि पाणी दुहेरी कापडातनं गाळल्याशिवाय प्यायचं नाही, असं सोमलिंगनं सांगितलेलं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची.

पहिला अडवला गेला तो धुळा.

"केरे, माज्या बानं खनल्याली हीर हाय!"

"मग बाला बोलवा. त्यांचा पाय बगून सोडीन."

घरी तिनं बादलीत पाणी भरून ठेवलं होतं. त्यात पाय बुडवायचा आणि पाणी लांब, कोरड्या मातीत ओतायचं. पण बादलीतलं पाणी दुपारपर्यंत कढत व्हायचं. शिवाय घरात एक तांबडी कोंबडी होती. काडीपासून लोंबणारा पांढरा दोरा पाहिला की ती मान वाकडी करून दबक्या पावलांनी धुळाच्या पायाकडे यायची. सहा फुटी धुळा खाटेवर उभा राहून टोपली फेकून मारायचा.

चौथ्या दिवशी त्याला राहवेना. त्यानं केराबाईचं हिरवं लुगडं कसंबसं गुंडाळलं, पदर हनुवटीपर्यंत ओढला, घागर कमरेवर घेतली आणि लंगडत विहिरीकडे निघाला. लुगडं आखूड पडून पिंढरीपर्यंतच पोचलं होतं. तांबडी कोंबडी मागोमाग निघाली.

विहिरीवर पाच-सात बाया होत्या. समोरून माडासारखी उंच बाई येताना पाहून सगळ्या घागरी खाली ठेवून बघू लागल्या.

"कुटली गं बाई तू?" केराबाईनं विचारलं.

"दुधनीची," पदराआडून बारीक आवाज आला. "पावनी हाय."

केराबाईचं माहेर त्याच कानडी बोलणाऱ्या अक्कलकोटच्या बाजूचं. तिनं कानडीत नाव विचारलं, "निन्न हेसरेन?"

मेंढरं विकायला धुळा दुधनीच्या बाजारात जायचा, पण कानडीचा त्याला एकच शब्द यायचा, आणि त्याचा अर्थ होता 'होय'.

"हौदु," पाहुणी म्हणाली.

"नाव काय म्हनलं मी."

"हौदु, हौदु."

चंद्रव्वा नावाची म्हातारी खाली वाकून बघत म्हणाली, "केरा, पावनीच्या पायावर केसं लई हायती की गं!"

तेवढ्यात कोंबडीनं डाव साधला. टोच पडली आणि पाहुणी मेंढरं हाकायच्या आवाजात "आई गं!" म्हणून जागच्या जागी उडाली. घागर गडगडत पायऱ्यांवरून खाली गेली, पदर सुटला आणि मिशा उन्हात आल्या. बाया हसून हसून खाली बसल्या. केराबाईनं आधी कोंबडी धरली, मग गुडघ्यावर बसून नवऱ्याचा पाय पाहिला. टोच कातड्याला लागली होती, नारू शाबूत होता.

"लई आग हुतीया का?" तिनं हळूच विचारलं.

"लई," धुळा म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

तिनं त्याला लिंबाखाली नेऊन बसवलं, आणि त्या दिवसापासून दुपारी दोनदा काठी चंद्रव्वाकडे देऊन ती घरी बादलीतलं पाणी बदलू लागली. अकरा दिवसांनी नारू सगळा बाहेर आला. ते लुगडं मात्र पुन्हा नेसायला ती तयार होईना, कारण ते नेसली की बाया तिला 'हौदु' म्हणून हाका मारू लागल्या होत्या. तिनं ते उकळून फाडलं आणि घरोघर गाळायला एकेक तुकडा दिला. लोक हसत हसत का होईना, पाणी गाळू लागले.

पुढच्या उन्हाळ्यात सोमलिंग आला, तेव्हा नारूचे दोघेच निघाले. दोघंही केराबाईचा गाळायचा तुकडा न वापरता परत केलेले. विहिरीच्या पायऱ्या बुजवून वर रहाट बसवायचं ठरलं.

सोमलिंग सायकलवर टांग टाकणार, तोच धुळा खाटेवरूनच हाक मारू लागला. "सायेब, हिकडं या की! टाचंत कायतरी वळवळतंय. आवंदाबी पंधरा दिस झोपून ऱ्हावं लागंल वाटतं."

सोमलिंगनं टाच निरखून पाहिली. "काटा हाय, बाभळीचा."

"काडा," केराबाई म्हणाली, "आन् मेंढरामागं धाडा त्यास्नी."