तीस नकोत

मिल्दाच्या पायाला सकाळपासून भिंगरी लागली होती. वनस्पतिशास्त्राच्या इमारतीतला तो लांबलचक व्हरांडा तिने इतक्यांदा पालथा घातला, की फरशी पुसणारा माणूस शेवटी म्हणाला, "पोरी, एवढी चालतेच आहेस तर हे फडकं तरी घे हातात. माझं अर्धं काम होईल."

इटलीतल्या पादुआत तोंडी परीक्षा म्हणजे दिवसभराचं कार्य असतं. नावं आडनावाच्या क्रमाने पुकारतात, आणि मिल्दाचं आडनाव झुकाउस्कायते. तिच्या लिथुआनियात या आडनावाची माणसं पैशाला पासरी, पण इथे ते यादीच्या तळाशी. बाकीचे आत जायचे, बाहेर यायचे, एकमेकांच्या गळ्यात पडायचे, घरी फोन करायचे आणि जेवायला पळायचे. ही आपली खिडकीपासून जिन्यापर्यंत आणि जिन्यापासून खिडकीपर्यंत. बाहेर जुलैचं ऊन रस्त्यावरचं डांबर मऊ करत होतं.

अभ्यास झाला नसेल म्हणून ही तगमग, असं कुणाला वाटलं असतं. तसं असतं तर सोपं होतं. अभ्यास चोख झाला होता. सुकलेलं पान हातात दिलं की डोळे मिटून नाव, कूळ, गुण, विषाची मात्रा, सगळं घडाघडा सांगू शकली असती ती. तिला भीती पास होण्याचीच होती.

कारण ही शेवटची परीक्षा. इथे ती वर्षभरासाठी आली होती; हे मार्क तिकडच्या, लिथुआनियातल्या तिच्या विद्यापीठाने धरले की औषधनिर्माणाची पदवी पुरी. मग शुक्रवारचं विमान, आणि तिच्या गावच्या, काउनासच्या विमानतळावर आई. नवरा गेल्यापासून आईने औषधांचं दुकान एकटीने चालवलं होतं आणि ती मिल्दाच्या वाटेकडे डोळे लावून बसली होती. परवाच फोनवर म्हणाली, "तुझा पांढरा कोट शिवून आलाय. खिशावर नाव भरून घेतलंय, निळ्या दोऱ्याने." मिल्दा म्हणाली होती, "वा, छान!" आणि फोन ठेवून उगाचच सायकल काढून नदीकाठाने गावाबाहेर गेली होती, इतकी लांब, की चेन तुटल्यावर चालत परत येताना पायांचे तुकडे पडले.

काउनासमध्ये मिल्दा म्हणजे 'औषधवाल्या बाईंची मुलगी'. दुकानासमोरून जाणारा प्रत्येक माणूस तिच्या आईला आपली मूळव्याध सांगून गेलेला, आणि मिल्दाला लहानपणी गोवर आला तो कधी, हे त्या प्रत्येकाला पाठ. इथे ती कुणाचीच मुलगी नव्हती. पहिल्याच आठवड्यात तिची सायकल चोरीला गेली. पुढच्याच रविवारी ती तिने बाजाराच्या चौकात ओळखली. बसलेल्या पोराला कॉलर धरून खाली ओढलं आणि मोडक्या इटालियनमध्ये एवढ्या शिव्या घातल्या, की भाजीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. सायकल दुसऱ्याचीच निघाली, तो भाग वेगळा. काउनासमध्ये तिने कधी बसमध्ये कुणाला 'जरा सरका' म्हटलं नव्हतं.

आणि घरमालकीण सिन्योरा नीवेस. एप्रिलात म्हातारी सकाळी दारावर थापा मारायची. "ऊठ गं, औषधशास्त्रीणबाई! झोपून कुणी शहाणं झालंय का?" मग बांधाबांधाने ब्रुस्कान्दोली खुडायला न्यायची, म्हणजे कुंपणांवर चढणारे रानवेलीचे कोवळे कोंब. मिल्दा त्यांचं लॅटिन नाव सांगायला लागली की म्हातारी म्हणायची, "ते नाव भातात घालून शिजतं का? मग खुड गुपचूप." घरी येऊन ती कोंब घातलेला मऊ भात करायची आणि मिल्दाच्या ताटात दुसऱ्यांदा वाढताना विचारायची नाही. या असल्या गोष्टी. या काही कारणं होत का, आईला सांगायला? 'आई, मी येत नाही, कारण इथे एका म्हातारीबरोबर कोंब खुडते.' आई डॉक्टरकडेच घेऊन गेली असती.

"बोर्दीन इझोत्ता!" आतून पुकारा झाला होता तो सकाळीच. इझोत्ता म्हणजे मिल्दाची खोलीतली सोबतीण, रोविगोची, आवाजाने मोठी आणि मनाने त्याहून मोठी. हिची आणि या परीक्षेची गाठ जुनी. इथे मार्क तीसपैकी. परीक्षा संपली की परीक्षा घेणाऱ्या बाई तोंडावर आकडा सांगतात आणि विचारतात, घेताय का? पटला तर घ्यायचा. नाही पटला तर सरळ नको म्हणायचं आणि पुढच्या तारखेला पुन्हा येऊन बसायचं. कुणी वाईट मानत नाही. उलट मानी पोरांची ती शानच. इझोत्ताने हिवाळ्यात पंचवीस परत केले, वसंतात सत्तावीस. "तिसाखाली मी हात लावणार नाही," असं तिने स्वयंपाकघरात चमचा उगारून जाहीर केलं होतं. अख्खा जून त्या दोघी तिथल्याच टेबलावर पानं चुरगाळत, हुंगत, एकमेकींना प्रश्न विचारत बसल्या होत्या.

परीक्षा सगळ्यांसमोर होते, मागच्या बाकांवर कुणीही बसावं. मिल्दा तेव्हा आत जाऊन बसली होती. प्रोफेसर झोर्झातो मॅडमनी इझोत्तापुढे तीन बशा सरकवल्या, तिन्हींत कोथिंबिरीसारखी दिसणारी पानं. त्यातलं एक जेवणात घालायचं, एक सूपमध्ये, आणि तिसरं माणसाला कायमचं झोपवणारं. इझोत्ताने घाईघाईत बोट ठेवलं, ते चुकीच्या बशीवर.

"सूप घेणार नाही मी तुमच्या घरी," मॅडम म्हणाल्या. वर्ग हसला. बाकी सगळं तिने बरं सांगितलं. "सव्वीस. घेताय?"

इझोत्ताने वळून मिल्दाकडे पाहिलं. आदल्याच दिवशी तिच्या बापाने फोनवर सुनावलं होतं, आता जे पदरात पडेल ते घे आणि पुढे सरक, तुझ्या मानापायी आमचे केस पिकले. सत्तावीस लाथाडणाऱ्या पोरीने सव्वीसला मान हलवली. "घेते," एवढंच म्हणाली. बाहेर येऊन हसली, मिल्दाच्या पाठीवर थाप मारली, म्हणाली, "सुटले बाई!" आणि मग नाक शिंकरायला म्हणून गेली ती बराच वेळ आलीच नाही. तरी परत येऊन बसली. जेवली नाही, घरी गेली नाही. "तुझी होऊ दे," म्हणाली.

उन्हं कलली तेव्हा मिल्दाचं नाव आलं. मॅडमनी आडनावाशी थोडी झटापट केली आणि सोडून दिलं. "या, तुम्हीच उरलात."

बशा आल्या. मिल्दाने पान बोटांत चुरगाळून नाकाशी नेलं. उंदराच्या मुताचा वास. "हे विषारी." मग कूळ, मग विष शरीरात काय करतं, पाय आधी कसे जड होतात, श्वास कुठे थांबतो. एक साल आली, एक मूळ आलं, एक बी आलं. तिचं तोंड आपोआप चालत होतं. जिभेला अडवायचं, मुद्दाम एखादं चुकायचं, असं तिने व्हरांड्यात ठरवलं होतं. जमलं नाही. मूळ हातात आलं की त्याचं खरं नावच तोंडातून बाहेर पडे. आईचीच मुलगी ती.

मॅडमनी पेन टेबलावर ठेवलं. "तीस. पेढे वाटा घरी जाऊन. घेताय ना?"

मागे इझोत्ताने टाळी वाजवली, एकटीनेच, जोरात. घेतले, की संपलं. नाही घेतले, तर परीक्षा राहिली. परीक्षा राहिली, तर सप्टेंबरची तारीख. सप्टेंबरपर्यंत इथे राहायला कारण, तेही कागदोपत्री, आईलाही दाखवता येईल असं.

"नको," ती म्हणाली.

"तीस म्हटलं मी. तेवीस नव्हे."

"ऐकलं, मॅडम. नको."

मॅडमनी चष्मा काढला. "वरती शाबासकीचा शेरा हवा असेल तर तो नाही मिळणार. सालीचं नाव सांगताना अडखळलात."

"नाही, मॅडम. तसं नाही."

"कारण विचारायचा मला हक्क नाही. नको म्हणायचा तुम्हाला आहे." मॅडमनी चष्मा पुन्हा चढवला. "पण सप्टेंबरमध्ये मी याहून अवघड काही विचारणार नाही, आणि तिसाच्या वर आकडा नाही. मग पुन्हा येऊन करणार काय?"

मिल्दा उठली. ती "आभारी आहे" म्हणाली आणि चोरासारखी बाहेर पडली.

अंगणात मॅग्नोलियाच्या झाडाखाली इझोत्ताने तिला गाठलं. "ए! थांब! थांब म्हणते ना!" तिचा चेहरा लालबुंद झाला होता. "मी सव्वीस गिळले सकाळी. सव्वीस! तू होतीस तिथे. आणि माझ्या डोळ्यांदेखत तू तीस परत करतेस? थट्टा लावलीयस का माझी?"

"तुझा काही संबंध नाही यात."

"नाही कसा? महिनाभर त्या टेबलावर कोण बसलं होतं, तुझी मावशी? मला तीस पाहिजे होते, मला! तुला नको होते तर दिवसभर पाय कशाला आपटत होतीस?"

"मला जायचं नाहीये!" मिल्दा ओरडली. झाडावरची कबुतरं उडाली. "पास झाले की जावं लागतं. मला नाही जायचं शुक्रवारी. बस्स, झालं समाधान?"

इझोत्ता तिच्याकडे बघतच राहिली. मग बाकावर धपकन बसली. "म्हणजे राहायचंय म्हणून नापास."

"नापास नाही. राहिलेली."

"जा गं, मोठी आली राहिलेली! आणि सप्टेंबरमध्ये? पुन्हा नको म्हणणार? मग फेब्रुवारीत? म्हातारी होशील त्या बशांपुढे बसून." तिने मिल्दाचा हात ओढून तिला शेजारी बसवलं. "माणूस राहायचं असेल तर राहतो. घर आहे, नीवेस आहे, मी आहे. कोणी हाकलतंय तुला? आईला सांग की, मी राहते."

"तू माझ्या आईला ओळखत नाहीस."

"मग लाव फोन. ओळख करून दे."

मिल्दाने फोन लावला, पण व्हरांड्यातून चालता चालता जुळवून ठेवलेलं वाक्य तेवढं तोंडात तयार होतं. पहिल्याच घंटीला आईने उचलला. "झाली? बोल ना पटकन, मी सकाळपासून फोन खिशात घेऊन फिरतेय!"

"राहिली आई. सप्टेंबरमध्ये पुन्हा द्यावी लागेल."

आता आई बोलणार, वर्षभर काय केलंस म्हणणार, याची मिल्दा वाट बघत होती. रागावर रागाने बोलता येतं, म्हणून ती सज्जच होती.

"रडतेयस का गं, मिल्दुते?" आई म्हणाली. लाडाच्या नावाने हाक, आणि आवाज इतका मऊ, की मिल्दाला ओळखू येईना. "अगं वेडे, मी रसायनशास्त्रात दोनदा आपटले होते. तुला कधी सांगितलं नाही. आजोबांना तोंड दाखवायला नको म्हणून दिवसभर ट्रॉलीबसमध्ये बसून गावाला चकरा मारल्या होत्या. तू निदान फोन तरी केलास. काही खाल्लंस का दुपारी?"

मिल्दाला ते सहन होईना. आईने फाडफाड बोलायला हवं होतं. या मायेवर खोटं तरंगत ठेवायचं तिला जमेना.

"आई, मी नापास नाही झाले. तीस मिळाले. मीच नको म्हटलं."

दुकानाच्या दाराची घंटी वाजलेली ऐकू आली. आईने कुणालातरी म्हटलं, "थांबा जरा." मग फोनवर, "मुलगा आहे का कुणी तिकडे?"

"नाही."

"असता तर बरं झालं असतं. मुलाचं मला कळतं. मग आहे तरी काय तिथे?"

"माहीत नाही, आई. पण ते आपल्या दुकानात नाहीये."

बोलून गेल्यावर तिने डोळे घट्ट मिटले. इझोत्ताला लिथुआनियन भाषेचं अक्षरही कळत नव्हतं, तरी तिने मिल्दाचा गुडघा दाबून धरला होता.

"एवढंच सांगायचं होतं, तर त्यासाठी तुला नापास झाल्याचं सांगावं लागलं?" आईने हळूच विचारलं. "इतकी घाबरतेस मला?"

नाही म्हणणं खोटं झालं असतं, आणि आजच्यापुरतं खोटं संपलं होतं.

"गिऱ्हाईक उभं आहे," आई शेवटी म्हणाली. "संध्याकाळी कर फोन. मला आवडेल असं म्हणत नाही. पण ऐकून घेईन."

फोन बंद झाला. मिल्दा हुंदके देऊन रडायला लागली.

"ओरडली ना?" इझोत्ता म्हणाली. "ओरडू दे. आया ओरडतात."

"नाही. ऐकून घेईन म्हणाली."

"मग रडतेस कशाला?"

"मी राहू का, हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं गं," मिल्दा म्हणाली.