चाळिसावी टाचणी

सिनेमावाल्यांना सिनेमाचं नाव विचारू नये. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला, संत्र्याच्या बागा तोडून बांधलेल्या त्या वृद्धाश्रमात सगळे स्टुडिओत हाडं झिजवून आलेले. त्यांच्या लेखी सिनेमा म्हणजे आपण त्यात काय राबलो ते. एकाचा 'घोड्यांचा', दुसऱ्याचा 'पोटदुखीचा', कारण त्या सेटवरचं मासळीचं सँडविच खाऊन अर्धी मंडळी आडवी झाली होती. पोस्टरवर छापलेलं नाव गेलं खड्ड्यात!

त्या मंगळवारी कॉफीच्या टेबलावर जुंपली, ती यातूनच. वरच्या मजल्यावर राहणारी कॉरिन हॅलसी शनिवारी ऐंशी वर्षांची होणार होती. तिच्या एकतीस सिनेमांपैकी एखादा त्या दुपारी आश्रमाच्या छोट्या थिएटरात लावायचा होता. निवडायचा कुणी, तर तिच्याबरोबर काम केलेल्या तिघांनी: दिवेवाला गस लिंडक्विस्ट, सेटवर दृश्यांच्या नोंदी ठेवणारी विनिफ्रेड आणि कपडेपटात शिवणकाम करणारी झाबेल ताशजियान.

"कोर्टाचा लावा," विनिफ्रेड म्हणाली. "सात मिनिटं एका दमात बोलली ती. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. मी वही मिटून नुसती ऐकत बसले होते."

"तुला मेलीला अक्षरांशिवाय काही दिसतं का?" गस खेकसला. "धुक्याचा लावायचा! तोंडावर एकच दिवा टाकला होता मी. दुसरी कुणी असती तर भूत दिसली असती. ही नुसती मान वळवायची, आणि उजेड कसा आपणहून तिच्याकडे जायचा!"

झाबेल कप हातात धरून दोघांचं ऐकत होती. तिला एकच धास्ती होती. स्टेशनवरच्या निरोपाचा तो सिनेमा कुणाच्या तोंडून निघू नये. मनातल्या मनात ती त्याला 'टाचणीचा' म्हणायची.

तिच्या खात्यात नियम होता. चाळीस टाचण्या मोजून घ्यायच्या, झगा अंगावर बेतायचा, 'चाळीस' असं मोठ्यानं म्हणून तेवढ्याच डबीत परत टाकायच्या. छत्तीस वर्षांपूर्वी, कॉरिनला राखाडी झगा चढवला त्या सकाळी एकोणचाळीसच भरल्या. जमिनीवर शोधण्यात वेळ गेला. मग झाबेल धावत सेटवर गेली, तर दारावरचा लाल दिवा लागलेला. चित्रीकरण चालू, आत पाऊल टाकायची सोय नाही. संध्याकाळी झगा परत आला तेव्हा कमरेपाशी अस्तरावर रक्ताचा ठिपका होता.

आणि त्याच दृश्यातल्या रडण्यानं कॉरिनचं नाव झालं. ओठ हलत नाहीत, हुंदका नाही, आणि डोळे भरून येतात. वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलं. झाबेलनं मात्र त्याच संध्याकाळी गार पाण्यानं डाग धुतला होता आणि तोंड शिवून टाकलं होतं. आई आणि दोन धाकटे भाऊ तिच्याच जिवावर होते. नोकरी गेली असती तर खायचं काय? पुढे कौतुक वाढत गेलं, तशी ती कॉरिनची नजर जास्तच चुकवत गेली. ते अश्रू माझ्या टाचणीचे! सांगावं, तर बाईंच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम आपण हिरावून घेणार. न सांगावं, तर माफी मागायची राहून जाणार. तो सिनेमा तिनं एकदाही बघितला नव्हता.

"झाबेल, तुझं बोल," विनिफ्रेड म्हणाली.

धुक्याचा म्हणजे कॉरिनचा तो समुद्राकाठचा सिनेमा असणार, असा झाबेलनं हिशेब केला. "धुक्याचा," ती घाईघाईनं म्हणाली. "मी गसच्या बाजूनं."

"शाब्बास!" गसनं टेबलावर थाप मारली. "दोनास एक! काय ते स्टेशन, काय ते धुकं, आणि मधोमध ती, राखाडी झग्यात..."

म्हणजे धुक्याचा तोच टाचणीचा! आता बोलून उपयोग नव्हता. विनिफ्रेडनं तोवर वहीत लिहूनसुद्धा टाकलं होतं.

शनिवारी ती दाराजवळची खुर्ची धरून बसली. अंधार झाला की सटकायचं, असा बेत होता. पण काठी टेकत कॉरिन आली, पुढची रांग सोडून थेट तिच्याशेजारी बसली आणि म्हणाली, "उठलीस तर बघ. माझा वाढदिवस आहे."

सिनेमा सुरू झाला. पाऊण तासानं स्टेशन आलं, धुकं आलं. राखाडी झगा दिसताच झाबेलनं मान खाली घातली.

"अगं, अजून झग्याची किनारच तपासतेस का?" कॉरिन कुजबुजली.

झाबेलला राहवेना. "मिस हॅलसी, मला माफ करा. त्या झग्यात माझी टाचणी राहिली होती. तुम्हांला टोचली. रक्त आलं होतं. मला ठाऊक होतं, आणि मी गप्प बसले. तुम्ही त्या टाचणीनं रडलात हो!"

कॉरिननं तिच्याकडे वळून बघितलं. "काय म्हणालीस? टाचणीनं?"

"हो."

"वा गं वा! तीन आठवडे त्या दृश्यासाठी मी रात्रंदिवस मरमर मेले, आणि श्रेय काय टाचणीला?" तिला हसू आवरेना. पुढच्या रांगेतून गसनं "शूऽऽ" केलं. "अगं बाई, टाचणी तालमीतच टोचली. अशी शिवी हासडली मी, की गस शिडीवरून पडता पडता वाचला. विचार त्याला. मग पाठमोरी होऊन हळूच काढून घेतली. दिग्दर्शक शेजारीच होता. त्याला दिसली असती तर तुला जेवणाच्या सुट्टीआधी हाकललं असतं त्यानं."

"म्हणजे रडलात तेव्हा..."

"तेव्हा झग्यात मी एकटीच होते."

कॉरिननं पर्समधून पावडरची जुनी डबी काढली. झाकणाच्या आतल्या कापडात एक टाचणी खोचलेली होती, डोक्यापाशी गंजलेली. "तुला परत करायची होती. पण तू दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडे बघायचंच सोडलंस. आखडलीस म्हटलं, मग मीही आखडले. मूर्ख आहोत दोघी."

झाबेलनं टाचणी हातात घेतली. छत्तीस वर्षं आपण एका एवढ्याशा लोखंडाला घाबरलो, आणि ही बाई आपली वाचवलेली नोकरी पर्समध्ये घेऊन फिरत होती. तिचे डोळे डबडबले. मग जुन्या नियमाप्रमाणे ती मोठ्यानं म्हणाली,

"चाळीस."

"हो, चाळीस. आता गप्प बस आणि वर बघ," कॉरिन तिची हनुवटी उचलत म्हणाली. "मी रडायला लागणार आहे."