राहून गेलेला मंगळ

दोघी बहिणी. थोरली दातांची डॉक्टर, धाकटी लिफ्ट दुरुस्तीची कामं करणारी. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी अकराला, तारांगणाच्या घुमटाखाली चंदेरी जाकिटं घालून दोघी सिंथेसायझरवर ग्रह वाजवत. सूर्यापासून सुरुवात, नेपच्यूनवर शेवट. आठ वर्षांत क्रम बदलला नव्हता आणि त्यात मंगळ नव्हता, कारण थोरलीला मंगळाची चाल सुचलीच नव्हती. कुणी विचारलं की ती सांगे, तिथली हवा विरळ, आवाज पोचत नाही. डॉक्टरच सांगतेय म्हटल्यावर लोक माना डोलवत.

धाकटीने मात्र लिफ्टच्या मशीनरूममध्ये डबा खाता खाता तीन महिन्यांत चाल बांधली. आज ती चाल लोकांसमोर पहिल्यांदा वाजणार होती. सकाळपासून तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता.

पृथ्वी संपली. थोरलीचे हात सवयीने सरकले आणि थेट गुरूचा खर्ज सुरू झाला. प्रोजेक्टरवाल्याने घुमटावर गुरूचे पट्टे आणले. धाकटीने एकदा वर पाहिलं आणि साथ धरली.

मंगळ राहिला, हे थोरलीच्या तेव्हा लक्षात आलं. चूक सवयीचीच होती, पण तिला ते छातीठोकपणे सांगता आलं नसतं. ती चाल पहिल्यांदा ऐकली तेव्हा तिच्या पोटात दुखलं होतंच की! आता मध्येच थांबणंही शक्य नव्हतं. शनी गेला, युरेनस गेला. धाकटी एकाही सुराला चुकली नाही, हे थोरलीला जास्त लागलं.

नेपच्यूनचा शेवटचा लांब सूर थोरलीचा. तो विरला की टाळ्या पडत आणि खरं सांगायचं तर त्या ती स्वतःच्याच धरायची. आज तिने तो विरू दिला नाही. एका बोटाने सूर दाबून ठेवून ती धाकटीच्या कानाशी वाकली.

"परत घरी जायचंय ना आपल्याला? वाटेत मंगळ लागतो. तू वाजव."

"आणि तू?"

"मी ऐकते."

घुमट थोडा वेळ निळाच राहिला, मग प्रोजेक्टरवाल्याला उमगलं आणि त्याने तो तांबूस केला. थोरली आपला सूर सोडून हात मांडीवर ठेवून बसली. चार-पाच सुरांची साधी चाल, मध्ये भरपूर मोकळी जागा. हे आपल्याला कधीच जमलं नसतं, हे तिला कळलं. वाईट वाटलं आणि अभिमानही वाटला.

शेवटचा सूर धरून धाकटी हळूच म्हणाली, "ताई, घरी जायचंय म्हणालीस ना? पृथ्वी घे."

थोरलीने घेतली. डोळे पुसायला तिचा एकही हात मोकळा नव्हता.